अस्वलासमोर पिस्तूल किती उपयोगी?

अशी कल्पना करा की तुम्ही अलास्कातील ब्रुक्स नदीत मांडीइतक्या पाण्यात उभे आहात. जुलै महिना आहे. अंगात छातीपर्यंत येणारी रबरी तुमान आणि हातात गळाची लांब काठी आहे. अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर निघालेल्या साल्मन माशांच्या झुंडी तुमच्या पायांजवळून चालल्या आहेत. (मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन साल्मन' म्हणतात, पण त्या दोन माशांचे कूळ एक नाही.) पाण्याच्या खळखळाटात दुसरे काही ऐकू येत नाही. इतक्यात वळणावरच्या झुडपांतून ३०० किलोग्रॅम वजनाचे एक तपकिरी अस्वल बाहेर येते. तेही मासे धरायलाच आलेले असते.

ही नदी कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात आहे. साल्मनवर पोसलेली तेथील अस्वले जगातील सर्वांत मोठ्या तपकिरी अस्वलांत मोडतात. बहुतेक वेळा अस्वल माणसाकडे दुर्लक्ष करून आपल्या वाटेने जाते. परंतु पिल्लांसह असलेली मादी अवचित समोर आली, किंवा अस्वल आपल्या भक्ष्यावर बसलेले असताना माणूस त्याला अडखळला, तर ते धावून येऊ शकते. म्हणून अलास्कातील दूरच्या नद्यांवर मासेमारीला जाणारे अनेकजण जवळ एखादे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगतात. ते कोणते असावे यावर तेथे शेकोटीभोवती रात्र रात्र वाद चालतो. आपण हा वाद शाळेतल्या भौतिकशास्त्राने तपासून पाहू.

आधी वेळेचा हिशेब करू. तपकिरी अस्वल थोड्या अंतरासाठी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ते २० मीटरवर असताना निघाले, तर तुमच्यापर्यंत पोचायला त्याला १.४ सेकंद पुरतात. एवढ्या अवधीत तुम्हाला धोका ओळखायचा आहे, काठी सोडायची आहे, शस्त्र काढायचे आहे आणि नेम धरायचा आहे. पायाखाली निसरडे गोटे आहेत ते वेगळेच. सराईत माणसालाही हे अवघड जाते. कमरेला बांधलेले शस्त्र पाण्याखाली जाते किंवा तुमानीच्या आत अडकते, म्हणून जाणते कोळी ते छातीवर आडव्या पट्ट्यात बांधतात. मला विचाराल तर कोणते शस्त्र घ्यावे यापेक्षा ते कोठे बांधावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पण शेकोटीभोवती त्यावर फारसे कोणी बोलत नाही.

आता गोळीकडे वळू. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो. अस्वलही तसेच फेकले जाईल का? अस्वलांच्या प्रदेशात प्रसिद्ध असलेले .४४ मॅग्नम हे काडतूस १९५० च्या दशकात बाजारात आले. त्याची नेहमीची गोळी १५.६ ग्रॅम वजनाची असते आणि रिव्हॉल्व्हरमधून ती सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो येतो सुमारे ६.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. धावत्या अस्वलाचा संवेग ३०० गुणिले १४, म्हणजे ४,२००! गोळी अस्वलाच्या अंगात रुतून बसली, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने त्याचा वेग सेकंदाला फक्त २ सेंटिमीटरने कमी होतो. १४ मीटरऐवजी १३.९८ मीटर. अस्वलाला ते जाणवणारही नाही.

मग गोळी अस्वलाला थांबवते कशी? ते तत्काळ थांबायचे असेल, तर गोळी मेंदूला किंवा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला लागली पाहिजे. हृदयाला लागलेली गोळी प्राणघातक खरी, पण मेंदूतील रक्ताचा प्राणवायू संपेपर्यंत काही सेकंद जातात आणि अस्वलाला तर दीडच सेकंद हवा असतो. त्यातही अस्वलाचा मेंदू मोठ्या मोसंब्याएवढा, उतरत्या कवटीत मागे दडलेला, आणि धावताना डोके सारखे खालीवर होणारे.

येथे गोळीच्या घडणीचा प्रश्न येतो. माणसाविरुद्ध वापरायच्या अनेक गोळ्या शरीरात शिरल्यावर छत्रीसारख्या पसरतात. पसरली की तिचे क्षेत्रफळ वाढते, अडथळा वाढतो आणि ती लवकर थांबते. अस्वलाच्या बाबतीत नेमके हेच नको असते. जाड कातडे, चरबी, खांद्याचे स्नायू आणि हाडे भेदून तिला आत जायचे असते. म्हणून शिशात अँटिमनी व कथील मिसळून ओतलेली, न पसरणारी, चपट्या तोंडाची जड गोळी निवडतात. .४४ मध्ये ती जवळजवळ २० ग्रॅमपर्यंत मिळते. टाचणी आणि पेन्सिलीचे बोथट टोक सारख्याच जोराने पुठ्ठ्यावर दाबून पाहा. भेदन केवळ जोरावर अवलंबून नसते, तो जोर किती क्षेत्रफळावर पडतो यावरही असते, हे हाताला कळेल.

तर मग सर्वांत जबर काडतूस घ्यावे आणि मोकळे व्हावे? थांबा, न्यूटनचा तिसरा नियम विसरू नका. गोळीला पुढे जो संवेग मिळतो, तितकाच शस्त्राला मागे मिळतो. रिव्हॉल्व्हर १.३ किलोग्रॅमचे असेल तर ६.२ ला १.३ ने भागा. ते सेकंदाला ४.८ मीटर वेगाने मागे येते आणि त्याची गतिज ऊर्जा सुमारे १५ ज्यूल होते. (नळीतून सुटणाऱ्या वायूंचा हिशेब येथे सोडला आहे. प्रत्यक्ष धक्का याहून मोठा असतो.) आता मासे धरणाऱ्याला दिवसभर वजन नको असते. त्याने हलक्या मिश्रधातूचे ०.७ किलोग्रॅमचे रिव्हॉल्व्हर घेतले, तर तोच भागाकार सेकंदाला ८.९ मीटर देतो आणि ऊर्जा २८ ज्यूलवर जाते. खिशाला हलके ते मनगटाला भारी! अशा धक्क्याने नळी वर उडते, दुसरी गोळी झाडायला उशीर होतो आणि सरावाच्या वेळीच माणूस चाप ओढताना डोळे मिटायला शिकतो. तुलनेसाठी पाहा. नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा ४९० ज्यूल, तर .४४ ची सुमारे १,२५० ज्यूल. दोन्हींचा धक्का किती, ते तुम्हीच काढा. पिस्तूल ०.९ किलोग्रॅमचे धरा.

या ओढाताणीतून अलीकडे बरेच जण १० मिलिमीटरच्या पिस्तुलाकडे वळले आहेत. ताकदीने ते मधले, पण त्याच्या खोक्यात १५ काडतुसे मावतात. रिव्हॉल्व्हरमध्ये ५ किंवा ६. ग्रीनलंडच्या ओसाड किनाऱ्यावर कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरिअस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच काडतूस बाळगते. रिव्हॉल्व्हरवाल्यांचेही एक म्हणणे खरे आहे. अंगावर आलेल्या अस्वलाला पिस्तूल टेकले तर त्याचा सरकता भाग मागे ढकलला जाऊन ते झडत नाही. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नसते.

हा सारा हिशेब झाला, पण घडते काय? टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील घटनांच्या नोंदी तपासल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८८३ ते २००९ या काळातील बंदुका-पिस्तुलांच्या २६९ घटना होत्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांना ८४ टक्के वेळा यश आले, लांब बंदुकांना ७६ टक्के. मात्र ज्यांच्याजवळ शस्त्र होते पण ज्यांनी ते वापरले नाही, त्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या इजांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००८ साली त्यांनी अस्वलांवर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याच्या ८३ घटना तपासल्या होत्या. तपकिरी अस्वलांची आगळीक फवाऱ्याने ९२ टक्के वेळा थांबली. फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के माणसांना काहीही इजा झाली नाही.

हे आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल देऊ नका. फवाऱ्याच्या बऱ्याच घटनांत अस्वल धावून आलेले नव्हते, केवळ चौकसपणे जवळ आले होते. उलट, बंदुकीने सहज निभावलेले प्रसंग कोणी कळवतच नाही, त्यामुळे बिघडलेलेच प्रसंग नोंदींत जास्त उतरले असणार. तरीही फवारा सरस ठरावा याचे कारण आपल्या हिशेबातच आहे. गोळीला मोसंब्याएवढे लक्ष्य गाठायचे असते. फवाऱ्याचा ढग काही मीटरवर माणसाहून रुंद होतो आणि अस्वल स्वतःच त्यात धावत शिरते.

त्या ढगात असते कॅप्सायसिन, आपल्या लवंगी मिरचीतले तेच द्रव्य. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली. नसांच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते, टीआरपीव्ही-१. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडते आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. कॅप्सायसिन तेच दार थंडपणी उघडते. या शोधासाठी डेव्हिड ज्युलिअस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मिरची कांडताना घरभर उठणारा ठसका तुम्ही अनुभवला असेल. अस्वलाचे डोळे, नाक आणि घसा एकाच वेळी तसे पेटतात. पण जखम होत नाही, आणि अस्वल जिवंत परत जाते. वारा समोरून असला तर मात्र थोडा प्रसाद आपल्यालाही मिळतो आणि फवारा कमी अंतरापर्यंत जातो.

गोळीने अस्वल मेले तर प्रकरण तेथेच संपत नाही. अलास्काच्या कायद्यानुसार स्वसंरक्षणात मारलेल्या अस्वलाचे नखांसह कातडे आणि कवटी सरकारी खात्याकडे जमा करावी लागते. माणसाने मासे किंवा कचरा उघड्यावर टाकून अस्वलाला बोलावले असेल, तर स्वसंरक्षणाची सबब चालत नाही.

आता पुन्हा आपल्या नदीत या. वळणावरचे ते अस्वल अजून दूर आहे आणि तुमच्या गळाला मासा लागला आहे. तो पाण्यात आपटतो आहे. अस्वलाचे कान त्या आवाजाकडे वळतात, कारण आपटणारा मासा म्हणजे थकलेला मासा. एकदा का माणसाजवळ आयता मासा मिळाला, की पुढच्या वेळी गळाची काठी दिसताच ते अस्वल चालत येईल. म्हणून ब्रुक्स नदीवर अस्वल ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४६ मीटरच्या आत आले की मासेमारी थांबवायचा नियम आहे. मासा लागलेला असेल तर दोरी तोडायची, मासा सोडून द्यायचा आणि अस्वलाकडे पाठ न करता हळूहळू काठाकडे सरकायचे. दोरी तोडायला एक छोटी कात्री गळ्यात अडकवलेली असली की काम भागते.