जोतं किती वर घ्यायचं?

आमच्या बडोद्याच्या घरात, जिन्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. खालची 31 जुलै 2019 ची. त्या दिवशी जवळजवळ 20 इंच पाऊस पडला होता. वरची ऑगस्ट 2024 ची. दोन्ही बाबांनी मारल्या, पाणी ओसरायच्या आधी. आता घर पाडून नव्याने बांधायचं आहे आणि जोतं कुठपर्यंत घ्यायचं यावरून आमचं रोज वाजतं. बाबांचं एकच, "1927 लाही पूर आला होताच की. तेव्हा कुठे होतं तुमचं क्लायमेट चेंज?"

खरं आहे त्यांचं, पूर नवा नाही. पण हा पाऊस तापमानवाढीमुळे पडला का, याला हो-नाही असं उत्तर नसतं. तिच्यामुळे तो किती वाढला, हे मात्र काढता येतं. कसं, ते वाचताना मला ऑफिसातलं टेस्टिंगच आठवलं. हवामानाचं मॉडेल दोनदा चालवायचं: एकदा आजच्या हवेवर, एकदा माणसाने कोळसा-तेल जाळून ती तापवली नसती तर जशी असती, त्या हवेवर. तसा पाऊस दोन्हीकडे किती वेळा आणि किती जोराने पडतो ते मोजायचं, प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहायचं. जुलै 2024 मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' या गटाने हेच केलं. उत्तर आलं, पाऊस सुमारे 10 टक्के जास्त. भाग लहान आणि डोंगराळ, त्यामुळे आकड्यात अनिश्चितता बरीच आहे, हेही त्यांनीच सांगितलं. (आमचे टेस्ट रिपोर्ट इतके प्रामाणिक नसतात!)

हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे यामागचं मुख्य कारण. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या. गुजरात त्यात आहे, इंदूर-हैदराबादकरांनो, तुम्हीही आहात.

अर्थात विश्वामित्रीच्या काठच्या घळी बुजवून घरं आपणच बांधली, ते पाप ढगांच्या माथी मारता येत नाही. पण पाणी उंबऱ्याशी थांबणार की आत शिरणार, हे शेवटच्या चार इंचांवर ठरतं.

काल बाबांनी मिस्त्रीला वरच्या रेघेच्या वर एक फूट सांगितलं. माझं म्हणणं दोन. आजी विचारतेय, एवढ्या पायऱ्या मी चढू कशी?