पट्टी साफ, तरी धडधड

मध्यरात्री छातीत धडधड सुरू होते. श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबराघुबरा होतो. घरचे जीप काढून दवाखाना गाठतात. ईसीजीची पट्टी निघते आणि डॉक्टर म्हणतात, ‘हृदय ठणठणीत आहे.’ सकाळी गावाची दोन निदानं तयार असतात: नाटकं करतोय, नाहीतर बाहेरचं झालंय. पाऊस, मुकादमाची उचल आणि सोसायटीचं कर्ज उशाला घेऊन झोपणाऱ्या बीड जिल्ह्यात तिसरं कुणाला सुचत नाही.

खरं तर ती धडधड अस्सल असते. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो, अमिग्डाला. हा आपला राखणदार. वाटेत साप दिसतो, आपण उडी मारतो, मग कळतं की कासरा होता. विचार जागा व्हायच्या आत याने हाळी दिलेली असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, काळीज पळू लागतं. मुंग्यांची तर कमालच! हवा कमी पडतेय असं वाटून माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटं बधिर होतात. गुदमरल्यासारखं होतं ते श्वास जास्त झाल्याने.

साप नसताना राखणदार वारंवार ओरडू लागला, काळजी महिनोन्‌महिने हटेना, कामधंदा सुटू लागला, की तो चिंताविकार.

उपचार त्याहून नवलाचा. एसटीची धास्ती बसलेल्याला आधी नुसतं स्टँडवर उभं करतात, मग उभ्या गाडीत बसवतात, मग एक थांबा प्रवास. जुनी भीती यात पुसली जात नाही. मेंदू तिच्याशेजारी ‘काही झालं नाही’ अशी नवी नोंद करतो आणि सरावाने ती वरचढ ठरते. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांचाही गुण येतो, पण दोन ते सहा आठवड्यांनी. चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे हकनाक हरतात.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ या समुपदेशन प्रकल्पातही बीड होतं. आणि उसाच्या फडावरूनही लागेल असा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. छातीत दुखलं तर आधी पट्टीच काढा. ती साफ आली, डॉक्टरांनीही हृदय ठीक म्हटलं आणि तरी धडधड थांबेना, तर हा नंबर लावा.