छत्तीसचा आकडा आणि सालबाईचा जामीन

संपादकांनी विषय दिला : माणसं, पक्ष, राज्यं एकत्र का येतात आणि फुटतात का, याचा गेम थिअरीच्या अंगानं आढावा. असा आढावा फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथापासून सुरू करायची प्रथा आहे. पण मी ग्वाल्हेरचा, त्यामुळे सालबाईपासून सुरू करीन.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून दक्षिणेला तीसेक किलोमीटर गेलं की सालबाई लागतं. १७ मे १७८२ ला तिथं पेशवे आणि इंग्रज यांचा तह झाला, तो घडवून आणला महादजी शिंद्यांनी. तहाची कलमं शाळेत पाठ केलेली असतात : साष्टी इंग्रजांकडे, वसई परत, रघुनाथरावांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक. माझा जीव अडकलाय तो त्याआधीच्या दोन वर्षांत. १७८० मध्ये नाना फडणीसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता, तिन्हीकडे कंपनीला एकाच वेळी घाम फुटावा अशी ती मांडणी होती. हिंदुस्थानच्या इतिहासात कागदावर इतकी देखणी युती मला दुसरी सापडलेली नाही.

ती टिकली नाही. का? यावर आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे : फितुरी, दुही, मराठ्यांचा जन्मजात दोष. पुण्यातल्या एका व्यासंगी गृहस्थांनी तीस वर्षांपूर्वी मला भर सभेत सुनावलं होतं, की स्वभावाला गणित लावता येत नाही. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो, की आधी गणित लावून तर पाहा. काही उरलंच तर ते स्वभावाच्या खात्यावर टाका.

वॉरन हेस्टिंग्जनं काय केलं? चौघांशी लढत बसला नाही. ज्याला बाजूला काढायला सगळ्यात कमी खर्च येईल, त्याच्यापासून सुरुवात केली. निजामाचा राग गुंटूरवरून होता, तर गुंटूर परत करून टाकलं. भोसल्यांची फौज बंगालच्या अंगानं आली, तिला रोकड मोजली. राहिले महादजी. ४ ऑगस्ट १७८० च्या पहाटे कंपनीच्या पॉपहॅमनं आमचा ग्वाल्हेरचा किल्ला शिड्या लावून घेतला होता आणि पुढच्या वर्षी माळव्यात लढाई महादजींच्या अंगणात येऊन ठेपली. युद्धाचा खर्च कोणाच्या माथी, तर शिंद्यांच्या. जिंकल्यास लाभ कोणाला, तर मुख्यतः हैदराला. कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख त्याच्याकडे राहू द्यायचं नानांनी मान्यच केलं होतं. बाहेरून मिळणारं आतल्या वाट्यापेक्षा जास्त आणि फरक भरून द्यायला नानांची तिजोरी रिकामी. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी इंग्रजांशी वेगळा तह केला. यात फितुरी शोधणाऱ्यांनी आपल्या सोसायटीच्या सभेत एकदा शेजाऱ्याच्या गळतीसाठी वर्गणी गोळा करून पाहावी.

शास्त्रात याला म्हणतात, युतीचा गाभा रिकामा आहे. वाटणी कशीही करा, कोणता ना कोणता गट उठून म्हणणारच, की आम्ही वेगळे झालो तर आम्हाला जास्त मिळतं. तीन माणसांत बहुमतानं शंभर रुपये वाटायचे ठरवा. दोघांनी पन्नास-पन्नास घेतले, तर तिसरा एकाला म्हणेल, मी तुला साठ देतो. मग पडलेला उठून सत्तर देईल. याला अंत नाही आणि त्यात कोणी दुष्टही नाही.

स्थिर संच, सौदासंच, न्यूक्लिओलस या वाटणीच्या इतर तोडग्यांच्या रुक्ष मुलखातून मी घोडा दौडवतच नेणार आहे. फॉन नॉयमन यांचा स्थिर संच प्रत्येक खेळात सापडतोच, असं वीसेक वर्षं धरून चालले होते. ल्यूकसनं दहा खेळाडूंचा असा खेळ दाखवला की ज्यात तो नाहीच. एवढं पुरे.

आता माझं लाडकं. लॉइड शॅप्ली, १९५३. त्याचा प्रश्न साधा होता : एखाद्या माणसाचं गटातलं मोल किती? उत्तर : माणसं एकेक करून दारातून आत येताहेत अशी कल्पना करा, येण्याचे सगळे क्रम मांडा, आणि कोण आल्यामुळे काम होण्याजोगं झालं ते दर वेळी मोजा. त्याची सरासरी म्हणजे त्याचं मोल. हे मी वर्गात बैठकीच्या उदाहरणानं शिकवत असे. कृष्णराव पंडितांसारख्या गवयाच्या गावात दुसरं उदाहरण सुचणार तरी कुठून? एक गवई, दोन तबलजी. गवई आणि कोणीही एक तबलजी असला की बैठक होते, बिदागी सहा हजार. गवई पहिला आला तर नुसता बसून राहतो. दुसरा किंवा तिसरा आला तर बैठक त्याच्यामुळे उभी राहते. तेव्हा त्याचं मोल चार हजार, तबलजींचं एकेक हजार.

गाभा मात्र निर्दयी आहे. तो म्हणतो, सहाच्या सहा हजार गवयाला. कारण एक तबलजी शंभर मागेल तर दुसरा पन्नासात यायला तयार. आणि दोन्ही तबलजींनी कट्टी सोडून आपापसात ठरवलं, की वाजवू तर दोघांच्या मान्यतेनंच? मग खेळात दोनच बाजू उरल्या आणि वाटणी तीन-तीन हजारांवर आली. माणसं गट का करतात, या प्रश्नाला यापेक्षा स्वच्छ उत्तर मला चाळीस वर्षांत मिळालं नाही. आमच्याच विद्यापीठी वर्तुळातले काहीजण गाभ्यालाच खरं मानतात आणि शॅप्लीला भाबडा समजतात. शॅप्लीला २०१२ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा मी त्यांच्यापैकी दोघांना पेढे नेऊन दिले होते. त्यांनी खाल्ले.

आता १९६७. मी सतरा वर्षांचा होतो. राजमाता विजयाराजे काँग्रेस सोडून बाहेर पडल्या होत्या. विधानसभेला करेऱ्यातून जनसंघाकडून, लोकसभेला गुण्यातून स्वतंत्र पक्षाकडून निवडून आल्या होत्या. ग्वाल्हेरच्या बाड्यावर पानाच्या ठेल्याला रेडिओ, त्याभोवती माणसांचं कडं. मध्य प्रदेश विधानसभेत २९६ जागा, काँग्रेसच्या १६७. शॅप्लीच्या भाषेत काँग्रेसचं मोल पूर्ण एक, बाकी सगळ्यांचं मिळून शून्य. जनसंघाच्या ७८ ची किंमत एका अपक्षाइतकीच, म्हणजे काही नाही.

मग जुलैत गोविंद नारायण सिंह ३६ आमदार घेऊन फुटले. छत्तीसचा आकडा म्हणतात तो असा. आता आकडे पाहा : काँग्रेस १३१, जुना विरोधी पक्ष सगळा मिळून १२९, फुटीर ३६. बहुमत १४९ चं. कोणतेही दोन एकत्र आले की सरकार होतं, एकट्यानं कोणाचंही होत नाही. म्हणजे १३१ चं, १२९ चं आणि ३६ चं मोल सारखंच, एक तृतीयांश! द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं, संयुक्त विधायक दल (संविद) आलं. विधायक दलाच्या नेत्या राजमाता, पण मुख्यमंत्री झाले ते छत्तीसांचे पुढारी. लोकांना तेव्हा नवल वाटलं. खरं तर ३६ नं सोबत्यापेक्षा जास्तच वसूल केलं, कारण १२९ चा गठ्ठा एकजीव नव्हता. त्यात जनसंघी, समाजवादी, स्वतंत्रवाले, अपक्ष सगळेच होते आणि ३६ ना मात्र परतीची वाट उघडी होती. मार्च १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह त्या वाटेनं परत गेलेही. मधे नरेशचंद्र सिंहांचं तेरा दिवसांचं राज्य झालं आणि संविद आटोपलं. सत्तर देणारा पुन्हा भेटला होता.

रायकर नावाच्या अमेरिकन पंडितानं १९६२ मध्ये लिहिलं, की युती जिंकण्यापुरतीच मोठी असते, वाटेकरी वाढवून घ्यायला कोणी खुळं नसतं. थोडंफार खरं आहे. संविदकडे १४९ ऐवजी १६५ होते. उद्या कोण जाईल याची शाश्वती नसली की माणूस दोन पोळ्या जास्त लाटतोच.

महाराष्ट्रातलं १९७८ चं पुलोद आणि २०१९ नंतरचं सगळं यावर दर दिवाळीत चार लेख येतात, मी पाचवा लिहिणार नाही. ग्वाल्हेरचं २०२० मात्र सांगायला हवं, कारण ती राजमातांच्याच डावाची त्यांच्या नातवाच्या हातातली आवृत्ती आहे असं जो तो म्हणतो आणि ते चूक आहे. मधे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आला. १९६७ मध्ये आमदार या पारड्यातून त्या पारड्यात जात. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, म्हणजे काटाच लहान केला. २३० च्या सभागृहात दोन जागा रिकाम्या होत्या. २२ गेल्यावर उरले २०६, बहुमत १०४ चं, भाजपकडे १०७. कमलनाथांनी २० मार्चला राजीनामा दिला. फरक कुठे? १९६७ च्या छत्तीसांकडे सरकार आल्यावरही मतं शिल्लक होती, त्यांचा मुख्यमंत्री झाला. २०२० च्या बावीसांनी मतं आधीच खर्चून टाकली होती. त्या दिवशी सभागृहात त्यांचं मोल शून्य. पुढचं सगळं दिलेल्या शब्दावर. शब्द बराचसा पाळला गेला, हेही नोंदवतो. पण शब्द पाळला जाईल हे आधी कशावरून कळायचं?

इथं मी पुन्हा सालबाईला येतो. सहकारी खेळांच्या सगळ्या शास्त्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : झालेला करार मोडता येत नाही. कोण मोडू देत नाही, हे पुस्तकं सांगत नाहीत. सालबाईच्या तहात महादजी दोन्ही बाजूंचे जामीन आहेत. कंपनीनं शब्द मोडला तर ते पेशव्यांच्या बाजूनं, पेशव्यांनी मोडला तर कंपनीच्या बाजूनं उभे राहणार. वाटाघाटी करणाराच पुढे तारण झाला, आणि त्या तारणामुळे त्याचं वजन पुण्यात आणि कलकत्त्यात सारखंच वाढलं. भडोच मिळालं ते वेगळंच. नानांनी तहावर शिक्का करायला डिसेंबरपर्यंत वेळ काढला; हैदर त्याच महिन्यात वारला. चौकडीतला एक गडी जिवंत असेतो दुसऱ्या बाजूशी घासाघीस करता येते, तो गेल्यावर थांबण्यात अर्थ नाही, हे नानांना कोणी शिकवायला नको होतं. १८०३ ला ना नाना होते, ना महादजी. शिंदे-भोसले असईला आणि अडगावला लढले, यशवंतराव होळकर बाजूला बसले आणि पुढच्या वर्षी एकटे लढले. कोणाचा शब्द कोणाकडे गहाण ठेवावा असा माणूसच उरला नव्हता.

हे सगळं आता कोणाला सांगावं? हल्ली मुलांना कैद्यांचा पेच तेवढा येतो; दोन माणसं, चार चौकोन, झालं. तीन माणसं आली की त्यांच्या फळ्यावर जागा पुरत नाही. सालबाईवरचा माझा मराठी लेख एका मासिकानं ‘स्थानिक विषय’ म्हणून परत केला, आणि ज्या वाचनालयात मी तो वाचून दाखवायचो तिथं मराठी कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे विचारावं लागतं.

म्हणून घरीच खेळतो. नॅश, शॅप्ली, शुबिक आणि हाउसनर यांनी १९५० मध्ये चौघांचा एक डाव रचला होता. प्रत्येकाला आपापल्या रंगाच्या सात सोंगट्या, करार केल्याशिवाय जिंकता येत नाही आणि मोडल्याशिवायही नाही. भाऊबीजेला आम्ही तो मांडतो. एका वर्षी धाकटे मेहुणे न जेवता निघाले होते. पुढच्या खेपेला ताई म्हणाली, मी खेळत नाही, मी जामीन राहते; जो शब्द मोडेल त्याला अनारसे नाहीत. त्या दिवशी डाव दोन तास चालला आणि कोणी भांडलं नाही. यंदासाठी दोन ल्यूडो काढून ठेवलेत. एक लाल सोंगटी कमी पडतेय, तिच्या जागी चिंचोका चालेल.