तिसऱ्या एकेरीची स्पर्धा

पुरुषांच्या थॉमस आणि महिलांच्या उबेर चषकांना बॅडमिंटनचे सांघिक विश्वचषक म्हणतात. त्यांच्या उंबरठ्यावरच्या स्पर्धेची मात्र फारशी चर्चा होत नाही. आशियाई सांघिक अजिंक्यपद स्पर्धा दर सम वर्षी फेब्रुवारीत भरते. २०१६ साली हैदराबादला सुरुवात झाली; मग आलोर सेतार, मनिला आणि सलग दोनदा मलेशियातलं शाह आलम. उपांत्य फेरी गाठणाऱ्यांना चषकात थेट प्रवेश. उरलेल्यांपैकी काहींना जागतिक क्रमवारी पाहून मागाहून बोलावणं येतं.

या मागच्या दारामुळेच गंमत होते. क्रमवारीचा भरवसा असलेले देश बिनीचे खेळाडू घरी ठेवून दुसरी फळी पाठवतात. २०२२ साली भारतानंही तेच केलं. पुरुषांत लक्ष्य सेन सोडला तर नेहमीचे चेहरे नव्हते, महिलांत नागपूरच्या मालविका बनसोडसारख्या तरुण मुली होत्या. दोन्ही संघ गटातच गारद झाले. पुरुष संघ क्रमवारीच्या जोरावर बँकॉकला गेला आणि मे महिन्यात इंडोनेशियाला ३-० हरवून चक्क थॉमस चषक घेऊन आला! नियमात हे सगळं बसतं, पण पात्रता स्पर्धेची इभ्रत काही त्यानं वाढत नाही.

तरीही ही स्पर्धा पाहावी, ती संघाचं शेपूट किती वळवळतं ते बघायला. एका लढतीत पाच सामने, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. एकेरीचा क्रम प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसतो. क्रमवारीत जो वर, तो आधी. समोरच्या तगड्या गड्याला आपला कच्चा गडी देऊन हुकमी खेळाडू खाली राखून ठेवायचा, ही चलाखी चालत नाही. बाद फेरीत तीन सामने जिंकले की खेळ खलास. त्यामुळे शेवटी येणाऱ्या तिसऱ्या एकेरीच्या खेळाडूची तऱ्हाच वेगळी. कधी अंग गरम करून तसंच बॅग उचलायची, तर कधी २-२ झाल्यावर सगळा भार अंगावर घ्यायचा. आणि हा खेळाडू बहुधा संघातला सर्वांत नवखा.

भारताचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांच्या काळी असं नव्हतं. तेव्हा थॉमस चषकाची लढत नऊ सामन्यांची, दोन दिवस चालणारी असे. पहिले दोन एकेरी खेळाडू प्रत्येकी दोनदा उतरत, वर दुहेरीही खेळत. सांगलीच्या या माणसासारखा एक खंदा खेळाडू संघाला बरंच पुढे ओढून नेई. १९५६ साली त्यांनी परदेशातली पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ती सेलंगोरची. शाह आलम हीच आज त्या सेलंगोर राज्याची राजधानी आहे.

तिथेच २०२४ साली आशियाई सांघिक स्पर्धेत भारताच्या महिला संघातून पी. व्ही. सिंधू गुडघ्याच्या दुखापतीनंतर परतली. तिच्यामागे तिसऱ्या एकेरीला होती फरिदाबादची १७ वर्षांची अनमोल खरब, जागतिक क्रमवारीत ४७२वी. गटात चीनशी २-२ अशी बरोबरी झाली आणि अनमोलनं तीन गेममध्ये सामना काढला. तो निकाल तसा बिनमहत्त्वाचा होता. गटात दोनच संघ, दोघेही पुढे जाणारच होते. खरी परीक्षा जपानविरुद्धच्या उपांत्य लढतीत झाली. गोव्याची तनिषा क्रास्टो जायबंदी, म्हणून दुहेरीत अश्विनी पोनप्पाच्या जोडीला सिंधूला उभं करावं लागलं. त्या दिवशी सिंधू एकेरीही हरली आणि दुहेरीही! तरी भारत टिकला, कारण त्रिसा जॉली-गायत्री गोपीचंद जिंकल्या आणि अश्मिता चलिहानं माजी विश्वविजेत्या नोझोमी ओकुहाराला दोन गेममध्ये गुंडाळलं. पुन्हा २-२, पुन्हा अनमोल. तिनं नात्सुकी निदाइराला २१-१४, २१-१८ असं हरवलं.

अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध सिंधू आणि त्रिसा-गायत्री जिंकल्या, पुढचे दोन सामने गेले. पोर्नपिचा चोइकीवाँगशी अनमोल २१-१४, २१-९ अशी खेळली. शेवटचा सामना इतका एकतर्फी होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलंच सुवर्ण.

दोनेक महिन्यांनी चेंगडूला उबेर चषक झाला. ऑलिंपिकचं वर्ष होतं. सिंधू गेली नाही, त्रिसा-गायत्रीही नाहीत. आशियाचा विजेता संघ यावेळी स्वतःच दुसरी फळी घेऊन उतरला. गटात चीननं ५-० असं धुतलं आणि उपांत्यपूर्व फेरीत जपाननं ३-० असं संपवलं. तिथे तिसऱ्या एकेरीपर्यंत गाडी पोचलीच नाही.