शिकाऊ ताईला मोजायचं कशात?

इंग्लंडमधल्या नर्सरीत दोन वर्षांच्या मुलांबरोबर वाळूत खेळणारी अठरा-एकोणीस वर्षांची ताई पुष्कळदा अजून शिकतच असते. ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’ ही पात्रता तिथे २०१४मध्ये आली. ती मिळवण्याची एक वाट म्हणजे अप्रेंटिसशिप, आपल्याकडे आयटीआयची मुलं करतात तशी शिकाऊ उमेदवारी. नर्सरी नोकरी आणि पगार देते. उमेदवार मुलांमध्ये काम करते आणि कामाच्याच वेळातले काही तास बालविकास, सुरक्षितता, नोंदी असे विषय शिकते. बालशिक्षिका घडवण्याची हीच सर्वांत योग्य रीत आहे, असं मला वाटतं. मात्र शिकणारीला तयार शिक्षिका म्हणून राबवता कामा नये, आणि तिथले नियम नेमकी तीच मोकळीक देतात.

लहान मुलांचं काम पुस्तकातून कळतं, पण अंगवळणी पडत नाही. शब्द अपुरे पडतात म्हणून दोन वर्षांचं मूल चावतं, हे व्याख्यानात समजतं. चावण्याआधी त्याचे खांदे कसे आखडतात, तेव्हा मध्ये पडायचं की नुसतं जवळ जाऊन बसायचं, हे मुरलेल्या बाईंच्या शेजारी राहूनच उमगतं. मुलं झोपल्यावर त्या बाईंनी ‘तू त्याला तेव्हाच का उचललंस?’ असं विचारलं, तर अधिकच. मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली नर्सरी काढली, आणि शिक्षिकांसाठीचं कॉलेज १९३०मध्ये उभं राहिलं तेही डेप्टफर्डमध्येच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डीतलं, पुढे कोसबाडचं कामही याच जातीचं: बालवाडी आणि सेविकांची तयारी एकमेकींना लागून.

यावर पहिला आक्षेप पदवीचा. १९९७मध्ये सुरू झालेल्या ‘ईपीपीई’ या अभ्यासाने सुमारे ३,००० मुलांचा माग ठेवला, आणि जिथे शिक्षकांची पात्रता वरची तिथे नर्सरीचा दर्जाही वरचा, असं त्यात दिसलं. मग कमी शिकलेल्या मुली कशाला नेमायच्या? पण त्याच संशोधनाच्या पुढच्या भागात आणखी एक गोष्ट आढळली, आणि तिची चर्चा फारशी होत नाही: प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी पात्रतेच्या कर्मचाऱ्यांचं कामही स्पष्टपणे सुधारतं. शेजारी कोण आहे यावर एवढं अवलंबून असेल, तर नुसती दारावरची चाळणी बारीक करून भागत नाही. सरकारने आधी तेच केलं. इंग्रजी आणि गणितात ‘जीसीएसई’ या शालेय परीक्षेची सी श्रेणी सक्तीची झाली, नर्सऱ्यांना माणसं मिळेनात, आणि २०१७मध्ये ती अट सैल करावी लागली.

खरी गोम मोजणीत आहे. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, असा नियम आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी चारांमागे एक होतं, ते सप्टेंबर २०२३पासून पाचांमागे एक झालं. सोळा वर्षांवरची उमेदवार नर्सरीचालकाला सक्षम वाटली, तर तिलाही या हिशेबात धरता येतं. एप्रिल २०२५मध्ये अप्रेंटिसचं किमान वेतन तासाला ७.५५ पौंड होतं, २१ वर्षांवरच्या इतर कामगारांचं १२.२१. एवढा फरक असल्यावर उमेदवार किती लवकर ‘सक्षम’ ठरेल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्र लागत नाही.

चालकांचं म्हणणंही खोटं नाही. नफा तुटपुंजा, उमेदवाराला मोजायचं नसेल तर तिचा पगार वरचा खर्च, मग घेणार कोण? शिवाय सप्टेंबर २०२५पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांवरच्या बाळांनाही आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात, त्यामुळे माणसांची ओढ आणखी वाढली. पण सरकार पैसा घालत नाही असं नाही. २०२४पासून छोट्या मालकांकडच्या २१ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च ते उचलतं. तो पैसा प्रशिक्षण संस्थेकडे जातो. शेजारी बसून शिकवणाऱ्या बाईंच्या तासांना त्यातून काही मिळत नाही. निदान पहिले सहा महिने उमेदवाराला मोजणीबाहेर ठेवावं आणि बाईंच्या तासांसाठी नर्सरीला वेगळी रक्कम द्यावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. त्याच देशात विद्यार्थी परिचारिका वॉर्डात शिकत असते, तेव्हा तिला तिथल्या मनुष्यबळात धरत नाहीत.