खेळण्याचे रान आणि बिदरचा दरबार

१३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी सल्तनतीने पुढे मुलखाच्या गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बिदर अशा चार तरफा पाडून प्रत्येकीवर तरफदार नेमला, तेव्हा पठारावरील महसूल आणि फौज यांची घडी बसली. परंतु सह्याद्रीच्या माथ्यापासून कोकणपट्टीपर्यंत गड धरून बसलेले शिर्के-मोरे या घडीत कधीच पुरते मावले नाहीत. बलवान सरदार चालून आला की खंडणी द्यावी आणि त्याची पाठ फिरली की ती तुंबवावी, हीच त्यांची राजनीती. आणि त्यात गैर ते काय, असे त्यांनी उलट विचारले असते.

अलाउद्दीन अहमदशहाच्या अमदानीत (१४३६–१४५८) मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी हा सरदार चाकणला ठाणे घालून या मुलखात शिरला. फेरिश्ता सांगतो की, हाती सापडलेल्या शिर्क्याने धर्मांतर कबूल केले. मात्र खेळण्याचा, म्हणजे आजच्या विशाळगडाचा, शंकरराव आधी जेरीस आणावा, अशी अट घालून वाट दाखविण्याचे कामही आपणहून पत्करले. दोन दिवस वाट सुगम होती. तिसऱ्या दिवशी ती घोर अरण्यात शिरली आणि थकल्याभागल्या फौजेवर रात्री शंकररावाची माणसे तुटून पडली. खलफ हसन मारला गेला. जे वाचून चाकणला पोहोचले, त्या परदेशी आफाकींविरुद्ध दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले आणि शत्रूच्या हातून सुटलेल्यांची स्वकीयांनीच कत्तल केली.

१४६९ साली याच मुलखावर चालून निघालेल्या बहमनी वजीर महमूद गवानने हा धडा ओळखला होता. डोंगरात घोडदळ निरुपयोगी जाणून त्याने ते परत धाडले, जंगल तोडीत वाट काढली, पावसाळा कोल्हापुरास काढला, आणि खेळणा अखेर द्रव्य व बळ दोन्ही खर्चून घेतला.

मात्र गडकऱ्यांपेक्षा तरफदारच अधिक धोक्याचे, हेही या वजिराच्या ध्यानी आले असावे. कारण त्याने चारांच्या आठ तरफा केल्या आणि तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार बसविले. त्याबद्दल दुखावलेल्यांनी त्याच्या मोहोरेचे बनावट पत्र सुलतानापुढे ठेवले, आणि १४८१ साली त्याचा शिरच्छेद झाला. या कटाचा सूत्रधार मलिक हसन निजामुल्मुल्क बहिरी. त्याचाच मुलगा मलिक अहमद याने १४९० साली जुन्नरच्या तरफेतून निजामशाही उभी केली.