संध्याकाळची मजुरी

ख्रिस्ती घरात रोज पवित्र शास्त्र वाचतात. पण त्यात फक्त प्रार्थना नाहीत. शेत आणि बाजार कसा सांभाळावा, तेही सांगितलं आहे.

लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय बघा. कापणी करताना कडेचं पीक राहू द्यावं, सरवा वेचू नये. तो गरिबांचा आणि परक्यांचा. वजनमापं खरी असावीत. मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नये. का? रोजंदारीवरच्या बाईची चूल त्याच पैशावर पेटते. आपण ‘उद्या ये’ म्हटलं, तर तिची पोरं आज उपाशी झोपतात.

रूथ विधवा होती, परमुलखातली होती. बवाजाच्या शेतात सरवा वेचून तिनं सासूला जगवलं. बवाजानं हा नियम पाळला, म्हणून ते जमलं. याकोबाच्या पत्रातही हेच आहे: नुसतं ऐकू नका, तसं वागा.

हे सगळं साध्या बायांना कळावं, म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषेतून सोप्या मराठीत बायबल आणलं.

तेव्हा पाच-सहा जणी एकत्र बसा. जिला वाचता येतं, तिनं मोठ्यानं वाचावं. मग एकमेकींना विचारा: यात काय सांगितलंय? माझ्या घरात ते कुठं लागू पडतं? आज मी काय करू?

आणि कुणाचे खुरपणीचे पैसे द्यायचे राहिले असतील, तर दिवेलागणीच्या आत देऊन या.